वाणीची कात

आमच्या यशोधरेने भंडारदऱ्याच्या डोंगरातून वीतभर लांबीची वाणी आणून काचेच्या पेटीत पाळली, तेव्हा मी कपाळाला हात लावला. वाणी म्हणजे तो असंख्य पायांचा किडा, बोट लावलं की गोल वेटोळं करून पडणारा. लोक गाय पाळतात, पोपट पाळतात; आमच्या लेकीचं सगळंच जगावेगळं.

पुढं ती नोकरीला पुण्याला गेली आणि पेटी माझ्या गळ्यात आली. खोटं कशाला बोलू, मलाच लळा लागला. मी पाचोळा टाकायचो, काकडीची फोड ठेवायचो. सुरुवातीला आमचा बाप-लेकीचा फोन 'जेवलीस का' वर संपायचा. आता वाणीच्या गप्पांत अर्धा तास कसा जायचा कळायचं नाही.

श्रावणात वाणी मातीत शिरली ती वर येईना. "अण्णा, कात टाकायला गेली आसंल. दोन महिने लागले तरी माती हलवायची न्हाई," यशोधरेने बजावलं. पण मी जन्माचा उतावळा. सतराव्या दिवशी खुरपं घेतलं आणि उकरलंच.

आत पांढरं, मऊ वेटोळं दिसलं. देवळालीत तीस वर्षं ऊस करतोय मी. मातीत पांढरं वेटोळं म्हणजे हुमणी, उसाची मुळं खाणारी अळी. ती दिसली की विचार करायचा नसतो, हात आपोआप चालतो. आमच्या वाणीला त्रास नको म्हणून मी ती हुमणी खुरप्याने चिरडली. मग पाय दिसले, पांढरे, बारीक, अजून हलणारे. शेजारीच तिची जुनी काळी कात पडली होती.

नव्या कातीतली वाणी पांढरी असते हे मला ठाऊक नव्हतं. पण उकरू नका हे तर ठाऊक होतं ना!

"अवो, पोरीला सांगून टाका," बायको, भिमाबाई, म्हणाली.

संध्याकाळी फोन आला. "वर आली का?"

"न्हाई अजून," मी म्हणालो. जीभ झडली नाही माझी.

दीड महिना झाला, रोज तेच उत्तर देतोय. रिकाम्या मातीवर पाणी शिंपडतोय. काल यशोधरा म्हणाली, "अण्णा, खरं सांगू? मला वाटलं हुतं तुमी चार दिसांत उकराल. माझ्या कुठल्याच गोष्टीला तुमी कधी थांबला न्हाईत. हिच्यासाठी थांबलात, लई बरं वाटलं. दिवाळीला येते, मग दोघं मिळून बघू."

"ये," मी म्हणालो.