दोन घड्याळांचे एकमत

वैभवीने कपाटाच्या मागे हात घातला आणि चाचपडत ती तार शोधून काढली. बोटाएवढी जाड, काळी तार. टोकाला पितळेची फिरकी. तिने ती फिरकी चिमटीत धरली.

"हात काढ तिथून."

तिने नुसती मान वळवली. देविका मॅडम दारात उभ्या होत्या, खांद्यावरची पिशवीही अजून उतरवलेली नव्हती. वैभवीच्या प्रबंधाच्या त्या मार्गदर्शक.

"नुसती धरली आहे, मॅडम. काढली नाही."

"धरूही नकोस. बाहेरच्या लोकांना वेळ याच घड्याळावरून जाते."

प्रयोगशाळेत अशी दोन घड्याळे होती, दोन वेगळ्या खोल्यांत. त्यांना काटे नव्हते. कपाटाएवढ्या पेट्यांमध्ये अणूंची कंपने मोजली जात. पहिल्यात एका जातीचे अणू, दुसऱ्यात वेगळ्या जातीचे. ही दोन्ही वर्षानुवर्षे एकमेकांशी जुळून राहिली, आणि त्यावरून संचालक डॉ. इंद्रजित यांनी शोधनिबंध लिहिला होता. ज्या अर्थी इतक्या भिन्न घडणीची घड्याळे कधी फारकत घेत नाहीत, त्या अर्थी काळ समान गतीने वाहतो, आणि हे आता प्रयोगाने तपासून झाले आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. वर्तमानपत्रांनी तो आनंदाने उचलला.

एरवी या तारेतून दुसऱ्या घड्याळाला पहिल्याची दुरुस्ती मिळत असे. पहिले चालेल तसे दुसरे ओढून घेतले जाई, म्हणजे ते भरकटत नसे. प्रयोगाच्या काळात ही दुरुस्ती बंद ठेवली होती, असे निबंधात एका ओळीत म्हटले होते.

वैभवीजवळ मात्र तिसरे घड्याळ होते. तळघरातले, जुने, विद्यार्थ्यांचा हात बसावा म्हणून ठेवलेले. ते कोणत्याच तारेला जोडलेले नव्हते. प्रयोग चालू असतानाच, जूनमध्ये पहिल्या खोलीचा एसी बंद पडला. त्या उकाड्यात पहिले घड्याळ सरकले, हे समजण्यासारखे होते. पण तळघरातल्या घड्याळाशी ताडून पाहिले, तर दुसरेही त्याच्याबरोबर, तितकेच सरकलेले निघाले. दुसऱ्या खोलीत तर त्या दिवसांत ती स्वेटर घालून बसत होती.

"दुरुस्ती बंद असेल, तर तार काढून काहीच फरक पडायला नको," वैभवी म्हणाली. "आणि फरक पडला, तर बंद नव्हती. यात न कळण्यासारखं काय आहे?"

"सरांनी सांगितलंय, बंद होती."

"सरांनी सांगितलं, हे मोजमाप झालं का?"

"यार वैभवी, तुझं प्रत्येक वाक्य भांडायलाच का उठतं?" मॅडमनी पिशवी खाली ठेवली. "तार काढायला संचालकांची परवानगी लागते. तू मागितलीस, त्यांनी नाही म्हटलं. खतम."

"आणि तुम्ही मागितलीत?"

मॅडमनी तिचे मनगट धरून हात हळूच बाहेर काढला. मग वाकून, फिरकी घट्ट बसली आहे ना, ते स्वतः पाहिले.

शनिवारी कोपर्निकस मार्गावरच्या सदनात दिल्लीतल्या मराठी मंडळींनी सरांचा सत्कार केला. व्यासपीठामागच्या फलकावर 'काळ समान वाहतो' अशी केशरी अक्षरे होती. पुष्पगुच्छ द्यायला वैभवीला बोलावले होते. मंडळाच्या सुहासिनीबाईंच्या मते मुलगी असली की फोटो बरा येतो. तिने गुच्छ दिला, फोटोत उभी राहिली. टाळ्या वाजत असताना तिला स्वतःच्याच हातांचा राग येत होता.

नंतर बटाटेवड्यांच्या टेबलाशी सरांभोवती गर्दी जमली. तिला पाहून त्यांनी हात हलवून जवळ बोलावले.

"ही आमची बंडखोर. अंबाजोगाईची आहे, म्हणजे ऐकून घेणार नाहीच." लोक हसले. "हिचं तळघरात एक म्हातारं घड्याळ आहे. ते म्हणतं, तुम्ही दोघंही चुकलात. आता सांगा सुहासिनीताई, दोघांना उजाडलेलं दिसतंय आणि तिसरा म्हणतो अजून रात्रच आहे. डोळे कोणाचे तपासायचे?"

"अहो, तिसऱ्याचे."

"बघ. यांनी फिजिक्स कधी घेतलं नव्हतं, तरी कळलं."

"त्या दोघांनी एकच चष्मा लावला असेल तर, सर?"

हसू अर्ध्यावर थांबले. सरांनी वड्याचा तुकडा चटणीत बुडवला, सावकाश खाल्ला आणि तिच्या पाठीवर हात ठेवून तिला खिडकीकडे नेले. त्यांच्या आवाजात चीड नव्हती. ती असती तर बरे झाले असते.

"गुरुवारी तुझ्या प्रबंधाच्या समितीची बैठक आहे. 'जूनमध्ये ते जुनं यंत्र माझ्याकडून नीट लावलं गेलं नव्हतं,' एवढं म्हण. एका वाक्याचं काम आहे. प्रबंध पुढे जाईल, मुदतवाढ मी बघतो."

"मी नीट लावलं होतं."

"ते तू म्हणतेस. मग मला तुझ्या हाताबद्दल लिहावं लागेल. आणि प्रयोग करणाऱ्या माणसाच्या हातावर एकदा शंका आली ना, की त्याला कुठल्याच प्रयोगशाळेत उभं करत नाहीत. मला ते तुझ्या बाबतीत नको आहे."

देविका मॅडम शेजारीच होत्या. एका हातावर सरांची शाल, दुसऱ्यात सरांचा नारळ. नारळाच्या शेंडीचे तंतू त्या बोटाने एकेक सरळ करीत होत्या.

मंडी हाउसच्या मेट्रोपर्यंत दोघी चालत निघाल्या.

"समजा, तार नव्हतीच," वैभवी अचानक म्हणाली. "दोन्ही घड्याळं आपापली चालली आणि जुळली. तरी काळ सारखा वाहतो हे सिद्ध होतं?"

"नाही." मॅडमनी उत्तर देताना क्षणाचाही विचार केला नाही. "काळच मंद झाला, तर अणूही मंद होतील. दोन्ही घड्याळं मंद होतील, तुझं तिसरंही, आणि बघणाऱ्या आपणही. कळणार कोणाला? नदीच्या काठावर उभं राहून पाहायचं म्हटलं, तर इथे काठच नाही. आपण घड्याळाला घड्याळ लावून बघतो. दोन जातींचे अणू एकमेकांशी इमान राखतात का, एवढंच त्यातून कळतं. तेही छोटी गोष्ट नाही. पण काळाबद्दल त्यातून बोलता येत नाही." त्यांनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "हे मला सरांनीच शिकवलं. पहिल्याच तासाला."

"मग त्या फलकाखाली टाळ्या कशा वाजवल्यात?"

"हळू बोल."

"इथे कोणाला मराठी कळतंय?"

मॅडम फुटपाथच्या कडेला थांबल्या. "तुला वाटतं तेवढं सिंपल नाही. मला इथे त्यांनी आणलं. घरात दोन वर्षांची मुलगी, ही काय काम करणार, असं बाकी सगळे म्हणत होते, तेव्हा. माझा पहिला निबंध त्यांनी ओळ न् ओळ सुधारला. आजही काही लिहिलं की बाहेर जायच्या आधी त्यांच्याकडे जातं. ते सुधारतात. मग मी पाठवते."

वैभवीने त्यांच्याकडे पाहिले. मॅडम समोरच्या सिग्नलकडे पाहत होत्या.

"म्हणजे मी खोटं बोलू?"

"मी असं म्हटलं नाही."

"तुम्ही काहीच म्हटलं नाही, मॅडम. तिथेही नाही, इथेही नाही. मी तीन उन्हाळे त्या तळघरात काढले. मला आता सगळ्यांसमोर सांगायचंय की मला साधं यंत्र लावता येत नाही, का तर फलक आधीच छापून झालाय."

स्टेशनात दोघींच्या दिशा वेगळ्या होत्या. मॅडमची, मयूर विहारकडे जाणारी गाडी आधी आली. दार बंद होताना मॅडमनी काहीतरी म्हणण्यासाठी तोंड उघडल्यासारखे वाटले. पण गाडी निघाली.

मुनिरक्याच्या भाड्याच्या खोलीत तिच्यासोबत राहणारी सलोनी पलंगावर पुस्तके पसरून बसली होती. स्पर्धा परीक्षेचा तिचा हा शेवटचा प्रयत्न होता. सगळे ऐकून घेतल्यावर तिने पेनचे टोपण दातांतून काढले.

"बोलून टाक ना ते वाक्य. मी रोज निबंधात देशाबद्दल तसली पन्नास लिहिते."

"तू लिहितेस त्याने तुझ्या हातावर ठपका येत नाही."

"बरं बाई. पण तुझ्या सरांना एक सांग. काळ समान वाहत नाही. शेवटचा अटेम्प्ट आला की भरधाव सुटतो. त्यासाठी घड्याळ नको, माझी आई बास आहे. रोज फोन करून सांगते."

वैभवीला हसू आले नाही. तिने गुरुवारसाठी कुर्त्याला इस्त्री करायला घेतली, आणि जी सुरकुती कधीच गेली होती तिच्यावरून ती पुन्हापुन्हा इस्त्री फिरवत राहिली.

गुरुवारची बैठक इंग्रजीत चालली होती, कारण बाहेरचे परीक्षक डॉ. शंकर दक्षिणेतल्या एका विद्यापीठातून आले होते. सर अध्यक्ष. त्यांनी जूनचा प्रसंग अतिशय नेटकेपणाने मांडला. तीन घड्याळे, दोघांचे एकमत, एकाचा मतभेद. ती दोन संस्थेची उत्कृष्ट यंत्रे, तिसरे तळघरातले शिकाऊंचे. निष्कर्ष काढताना त्यांनी आवाज चढवला नाही, उलट थोडा उतरवला.

"तरुण वयात अशा चुका होतात. विद्यार्थिनी स्वतःच ते सांगेल."

सगळे वैभवीकडे वळले. रात्रभर तिने वाक्ये जुळवली होती, धारदार, एकामागून एक. आता त्यांतले एकही सापडेना.

"जुनं घड्याळ मी नीट लावलं होतं," ती म्हणाली. "सरकली ती बाकीची दोन."

सरांनी टेबलावर तळवे उघडले. दुःखी माणसाची ती हालचाल होती. "तर मग एक हिचं म्हणणं आहे, आणि एक संस्थेचं."

डॉ. शंकर चष्मा पुसत होते. "मार्गदर्शकांचं काय मत आहे?"

देविका मॅडमनी मांडीवरची पिशवी उघडली. आधी रुमाल निघाला, मग पाण्याची बाटली; ती दोन्ही त्यांनी बाजूला ठेवली. मग त्यांनी काळ्या तारेचे वेटोळे काढून टेबलावर ठेवले. केसांना लावायच्या रबराने ते बांधलेले होते. पितळेची फिरकी लाकडावर टणकन वाजली.

"ही मी मंगळवारी काढली," त्या म्हणाल्या. "आणि पहिल्या खोलीचा एसी दुपारभर बंद ठेवला."

सर त्यांच्याकडे वळले. साऱ्या बैठकीत पहिल्यांदाच ते मराठीत बोलले, आणि तो आवाज फार मायेचा होता.

"देविका, हे आपलं घरचं आहे. आपण नंतर बोलू."

मॅडमचे ओठ हलले. त्या सरांकडे पाहत राहिल्या. मग त्या डॉ. शंकरांकडे वळल्या आणि टेबलावरच्या सगळ्यांना कळेल अशा भाषेत म्हणाल्या, "पहिलं घड्याळ सरकलं. दुसरं हललं नाही."

"आणि विद्यार्थिनीचं?"

"तेही नाही. तार काढल्यापासून दुसरं आणि तिसरं जुळतात."

कोणीतरी खुर्ची सरकवली. सरांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले, मग भिंतीवरच्या.

"परवानगी कोणाची घेतलीस?" आता त्यांनीही इंग्रजीत विचारले.

"कोणाचीच नाही, सर."

डॉ. शंकरांनी वेटोळे जवळ ओढले, फिरकी उलटसुलट करून पाहिली आणि परत ठेवून दिले. मग त्यांनी कोरा कागद पुढे घेतला.

"जूनपासून सांगा," ते वैभवीला म्हणाले. "सावकाश. मला घाई नाही."

वैभवी उठली. बोलायला सुरुवात करण्यापूर्वी तिने एकदा पलीकडे पाहिले. मॅडमचे केस मोकळे सुटून अर्ध्या चेहऱ्यावर आले होते, ते त्यांनी मागे सारले नव्हते. त्यांच्या हातांत आज धरायला काही नव्हते. दोन्ही हात टेबलावर उताणे पडले होते, कोणाचे ते अजून ठरायचे असल्यासारखे.