भाडेकरूंसकट विकलेल्या घराचे आढे

मित्रांनो, जरा मान वर करून पाहा. छपराच्या ऐन मध्यभागी, या टोकापासून त्या टोकापर्यंत जे काळेभोर लाकूड आडवे पसरले आहे, ते मी. सावली गावातील चार खोल्यांच्या एका घराचे मी जुने सागवानी आढे. सारे छप्पर माझ्या पाठीवर विसावलेले आहे. लाकूड म्हणजे स्थिर वस्तू, अशी तुमची समजूत असेल. परंतु गेली दोन वर्षे माझ्या जिवाला स्वस्थता कशी ती नाही. कान देऊन ऐकत राहणे, एवढेच माझे काम होऊन बसले आहे.

वैनगंगेपलीकडील अरण्यात मी वाढले. मुखरू सुताराने मला तासले, हळदकुंकू वाहिले आणि दहा माणसांच्या खांद्यांवरून भिंतींवर चढवले. माझ्या दोन्ही बाजूंना त्याने बांबूचे वासे उतरवले व त्यांवर कवेलू, म्हणजे मातीची कौले, पसरले. ऊन आणि पाऊस कवेलूंनी सोसायचा, भार मी वाहायचा, आणि आम्हां दोघांना जोडून धरायचे ते त्या बांबूंनी.

घराचे धनी भैयाजी शेजारीच राहत व चारही खोल्या भाड्याने देत. प्रत्येक खोलीत एक बिऱ्हाड, प्रत्येक बिऱ्हाडाची एक चूल. सकाळ-संध्याकाळ चार चुलींचा धूर संथपणे वर येई, वाशांना वेढून कवेलूंच्या फटींतून आकाशात विरून जाई. त्या धुराने बांबू काळे पडले, चकाकू लागले आणि लोखंडासारखे टणक झाले. पहिल्या खोलीत कोलू व त्याची बायको रुखमाबाई राहत. तलावात मासे धरणे हा त्यांचा व्यवसाय. दर वर्षी चैत्राच्या अखेरीस कोलू छपरावर चढून कवेलू फेरी, फुटके काढून नवे बसवी, आणि उतरताना माझ्यावर थाप मारून म्हणे, "मस्त हाय बुढा!" त्या थापेने मला धन्य वाटे.

पुढे भैयाजी लेकीकडे ब्रह्मपुरीस जाण्यास निघाले व त्यांनी घर विकावयास काढले. सन एकोणीसशे चौपन्नचा तो माघ महिना. घर पाहावयास आले मनसाराम मुनीम. चांद्याच्या एका लाकूड डेपोत बावीस वर्षे नोकरी करून ते निवृत्त झाले होते. पत्नी निवर्तलेली, मूलबाळ नाही. आयुष्यभराची पुंजी त्यांनी धोतराच्या सोग्यात बांधून आणली होती.

भैयाजींनी विचारले, "खोल्या खाली करून देऊ का?"

"नाई नाई, भाऊ! माणसं बसलेलीच पाहिजेत मले. भाडेकरूसकट द्या. पहिल्या महिन्यापासून पोटाची काळजी मिटली पाहिजे."

मुनीमजींनी माझ्यावर काठी ठोकली, कान लावला आणि समाधानाने मान हलवली. दाराशी जाळे सांधीत बसलेली रुखमाबाई हसून म्हणाली, "आमाले बी ठोकून पाहा ना, मुनीमजी! पोकळ-गिकळ निंगालो तं?"

सारे हसले. मुनीमजीही हसले. ते सज्जन गृहस्थ होते, हे मी आजही सांगेन.

व्यवहार पूर्ण झाला आणि मुनीमजी शेजारी, भैयाजींच्या रिकाम्या घराच्या ओसरीवर राहू लागले. घराची त्यांना मोठी हौस. आपले घर पांढरेशुभ्र दिसावे, ही एकच इच्छा. त्यांनी माझी काजळी खरवडून काढली, वासे पुसून घेतले, भिंतींना चुना दिला आणि आज्ञा केली: आत कोणी चूल पेटवायची नाही, मागच्या अंगणात मांडवाखाली स्वयंपाक करावा.

रुखमाबाई पुढे आली. "भाऊ, धूर बंद करू नका. घुण लागन."

"सागाले घुण? बाई, बावीस वर्सं लाकूड मोजलं मी. मले शिकवून राह्यली का?"

मित्रांनो, ते माझ्याविषयी अगदी खरे बोलले होते. घुण, तो लाकूड पोखरणारा किडा, मला शिवत नाही. परंतु ते आयुष्यभर सागाकडे पाहत आले, म्हणून येथेही त्यांना केवळ मीच दिसले. बांबू त्यांच्या हिशेबी लाकूडच नव्हते.

त्याच पावसाळ्यात तो आवाज सुरू झाला. कुर्र... कुर्र... प्रथम एका वाशात, मग तीन वाशांत, मग दोन्ही अंगांना. मला ओरडता येत नव्हते. पिवळी भुकटी खाली गळू लागली; ती अंथरुणांवर, भाताच्या ताटांत पडू लागली. वर्ष उलटले तोवर तीन बिऱ्हाडे एकामागून एक निघून गेली. मुनीमजी म्हणत, "धूळ हाय, झाडून घ्या." त्यांच्या स्वरातील विश्वास मात्र दिवसेंदिवस पातळ होत चालला होता.

पुढच्या चैत्रात कोलू नेहमीप्रमाणे कवेलू फेरण्यास चढला. त्याने पहिल्या वाशावर पाय दिला आणि वासा कडकन मोडला. कवेलू कोसळले. कोलूने दोन्ही हातांनी मला मिठी मारली व तो खोलीत लोंबकळू लागला. त्या क्षणी माझा प्रत्येक तंतू ताणलेला होता. मी त्याला सोडले नाही. तो सुखरूप उतरला. केवळ नडगी सोलवटली. दुसऱ्या दिवशी तो व रुखमाबाई तलावापलीकडे, कोलूच्या भावाकडे गेले.

घर रिकामे झाले. मुनीमजी शिडी लावून वर आले. त्यांनी वाशावर बोट टेकवले. बोट आत शिरले.

रुखमाबाई राहिलेली जाळी नेण्यास आली, तेव्हा ते उंबऱ्यावर बसले होते.

"बाई, राहा ना इथीच. भाडं नको देऊ सध्या."

"भाड्याचं कोण बोलून राह्यलं? घर तुमचं होतं, मुनीमजी. धूर आमचा होता. थो तुमाले नको झाला."

मुनीमजींनी मान खाली घातली. "बांबू कदी मोजलाच नाई मी. थो तं डेपोच्या मांगं पडून राहे. आता म्हातारपणी कुठी जाऊ, सांग."

रुखमाबाईने जाळे खाली ठेवले. "मंग आता आयका. बांबू अंधाऱ्या पक्षात तोडलेला पाहिजे. महिनाभर तलावात बुडवून ठेवा लागन. आमचे हे म्हणतीन तवाच काढाचा."

"आन् चूल?"

"चूल मी मांडन. आतमंधी."

मृगाच्या आधी, ज्यांचे वासे पार पोखरले होते त्या दोन खोल्यांचे वासे बदलून झाले. एका खोलीत रुखमाबाईची चूल पेटली. दुसरीत मुनीमजी स्वतः राहावयास आले; चुलीतली ओली लाकडे फुंकून त्यांचे डोळे लाल होतात, आणि पलीकडून रुखमाबाई ओरडते, "हळू फुका, भाऊ, दाढी जळन!" तिसऱ्या खोलीत गेल्या आठवड्यात एक गाडीवान आला.

मित्रांनो, घर विकत घ्याल तेव्हा भिंती अवश्य पाहा, लाकूडही ठोकून पाहा. पण काही बदलण्यापूर्वी तेथे नांदणाऱ्या माणसांजवळ घटकाभर बसून त्यांना विचारा. घर कशाने उभे आहे, हे त्यांना ठाऊक असते.

चौथी खोली अजून रिकामी आहे. तिच्यावरील, अजून भार पेलणाऱ्या जुन्या वाशांत तो आवाज पुन्हा सुरू झाला आहे; तुमच्याशी बोलतानाही मला तो ऐकू येतो आहे. तुमच्या ओळखीत कोणी बिऱ्हाड जागा शोधीत असेल, तर कृपा करून त्यांना लवकर सावलीस पाठवा. खोली चांगली आहे. आत चूल मांडता येते.