बांधावरून इथिओपिया

येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या दिवशी भीमाशंकरने सकाळपासून तीनदा विहिरीवरची मोटर बघितली. वीज नव्हती, हे त्याला पहिल्या खेपेलाच कळलं होतं. उरलेल्या दोन खेपा नुसत्या पायांच्या समाधानासाठी.

त्याचं म्हणणं एका वाक्याचं होतं : आठ तारखेला मी दोन वर्षांसाठी इथिओपियाला चाललो. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत तो टॉवेलांच्या मागांवर जॉबर होता, म्हणजे माग रुसला की त्याची समजूत काढणारा. तसलेच माग इथिओपियात कुणीतरी लावले होते आणि ते तिकडेही रुसत होते. व्हिसा झाला होता, तिकीट आलं होतं. राहिली होती आई, म्हणजे अव्वा, दुधनीजवळचं हे चार एकर रान आणि ते वाक्य.

ऐकणारे दोघं वर्षातून एकदाच हाताला लागत. थोरली बहीण महेश्वरीअक्का हैदराबादहून आणि धाकटा शिवू बंगळुरूहून सकाळीच सोलापूर स्टेशनावर उतरले होते. संध्याकाळी सातला परत निघणार होते.

"शिवू, जरा ऐक की."

शिवू कडब्याच्या कोपीपुढे उकिडवा बसून दगडांना चुना लावत होता. येळवशीला रानात कोप, म्हणजे कडब्याची खोप उभारायची आणि आत पाच दगड मांडून पाच पांडव म्हणून पुजायचे, ही घरची रीत.

"थांब अण्णा. चारच हायत."

"पाचवा कुठाय?" अक्काने विचारलं.

"वर्क फ्रॉम होम."

"देवाची चेष्टा करतोस व्हय रे?"

"मग नकुल-सहदेव एकात बसवू. जुळेच तर हायत. बंगळुरूत आमी एका खोलीत चौघं बसतो."

यावर पाऊण तास वाद झाला. अक्काने हैदराबादच्या तिच्या गुरुजींना व्हिडिओ कॉल लावला. गुरुजी विमानतळावर तपासणीच्या रांगेत होते. त्यांनी चारही पांडव नीट बघून घेतले, पाचवा आणा म्हणाले आणि पट्टा काढायला गेले. भीमाशंकरने दोन पावलांवरचा दगड उचलून आणला. रानात दगडांना तोटा नव्हता.

जेवताना त्याने परत घसा साफ केला. "अक्का, एक सांगायचं होतं."

"आधी जेव. लई वाळलास." अक्काने त्याच्या ताटात पालेभाज्या-शेंगांची पातळ भज्जी ओतली, वर बाजरीचा उंडा ठेवला. "तू हितं हायस म्हणून मी तिकडं निवांत झोपते बघ, भीमा."

"मी तर ऑफिसातबी झोपतो," शिवू म्हणाला.

वाक्य उंड्यासकट घशाखाली गेलं. भीमाशंकर उठला आणि चौथ्यांदा मोटर बघून आला.

ऊन उतरल्यावर बांधावरून रानाला फेरी घालायची वेळ झाली. पुढच्याने आंबील शिंपडत "ओलगे ओलगे" ओरडायचं, मागच्यांनी "सालम पोलगे" म्हणायचं. त्याचा अर्थ तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हता, पण लहानपणापासून तोंडात इतकं बसलेलं की डोक्याला विचारावं लागत नसे. आंबिलीची घागर दरवर्षीसारखी भीमाशंकरच्या हातात आली. मागे अक्का, तिच्यामागे शिवू. शेवटी अव्वा.

"ओलगे ओलगे!"

"सालम पोलगे!"

अर्धं रान झालं. साडेपाच वाजून गेले होते. त्याने आंबील उडवली आणि होता तेवढा दम लावला.

"मी इथिओपियाला चाललो!"

"सालम पोलगे!"

त्याला क्षणभर वाटलं, झालं, मंजूर झालं.

"आठ तारखेला!"

"सालम पोलगे!"

"दोन वर्षं!"

"सालम पो..." अक्का थांबली. शिवू तिच्या पाठीवर आदळला. "काय म्हणालास?"

भीमाशंकरने या वेळी हळू आवाजात सगळं सांगितलं. बोलता बोलता त्याने घागर चारदा या हातातून त्या हातात घेतली.

"आणि अव्वा?" अक्काचा आवाज चढला. "तिचं काय ठरवलंस? तिला तरी सांगितलंस का?"

"मला म्हाईत हाय की," अव्वा म्हणाली. "पासपोर्टाचा पोलीस घरी आला हुता. च्या मीच दिला."

"मग बोलली का न्हाईस?"

"त्यानं सांगायचं, मी कशाला?"

"अव्वा, तू हैदराबादला चल."

"मी कुटं जात न्हाई. तुमी दोघं यायचं. एका म्हैन्याला तू, एका म्हैन्याला ह्यो."

"मला रजा..." शिवू म्हणाला. अव्वाने भीमाशंकरच्या हातातली घागर काढून शिवूच्या हातात दिली. वाक्य पुरं करायला त्याला हात मोकळा उरला नाही.

"हो पुढं. ओरड."

"बांध कुठनं जातो?"

भीमाशंकरने बोट उचललं. अव्वाने ते खाली दाबलं. "तू गप. तू गेलास."

शिवू निघाला. मागून अक्का डोळे पुसत "सालम पोलगे" म्हणत राहिली. वीसेक पावलांतच त्याने बांध ओलांडला आणि शेजारच्या हरभऱ्यात मनापासून आंबील शिंपडायला लागला. शेजारी चनबसप्पा पलीकडून धावत आला.

"अवो, ते माझं रान हाय! भीमा कुटं हाय?"

शिवूने मागे वळून बघितलं. भीमाशंकर हाकेच्या अंतरावर उभा होता.

"इथिओपियाला," शिवू म्हणाला. "आता बांध मला दाखवा."