राजवाड्याखालची जागा

बाबांनी डावा हात पुन्हा उचलला आणि बोट समोरच्या भिंतीकडे धरलं. नीनाने आयपॅड बाजूला ठेवला.

"बाबा, डॉक्टर आता विमानप्रवासाला नाही म्हणालेत. मी परत विचारलं."

हात तसाच राहिला. भिंतीवर बर्फाळ डोंगरांतल्या टेकडीवरचा जुना राजवाडा होता. हे पोस्टर चिंचवडच्या हॉलमध्ये वर्षानुवर्षं होतं. त्या काळी घरोघरी असाच परदेश भिंतीला टाचलेला असे. पक्षाघाताच्या झटक्यात बाबांची वाचा गेली आणि नीनाने त्यांना लंडनला, पिनरमधल्या आपल्या घरी आणलं, तेव्हा पोस्टरही गुंडाळून आणलं. बाई मोठी हौशी! फ्रेमवाल्याकडून खालची कळकट पट्टी कापून घेतली, काच बसवली आणि पलंगासमोर लावलं. तेव्हापासून बाबांचं बोट खाली येईना. महाबळेश्वरच्या पलीकडे न गेलेल्या माणसाची ही शेवटची इच्छा पुरी करायची कशी, या विचाराने ती मेटाकुटीला आली होती. त्या राजवाड्याचे व्हिडिओ लावले, की ते डोळे मिटून घेत.

"नीना, माझी मीटिंग आहे. कांताआत्यांचा व्हिडिओ कॉल तू घे ना," म्हणत तिचा नवरा सुश्रुत फोन हातात देऊन गेला.

कांताआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. नीनाने फोन फिरवून तिला खोली दाखवली.

"अगं बाई, राजवाडा! अन् दिवाण कुठंय?"

"कुठला दिवाण, आत्या?"

"त्याच्या खालचा गं. तुझी आई तिथेच बसायची ना भाजी निवडत, मागे डोकं टेकून. दादा ओरडायचा, राजवाड्याला तेल लागतंय तुझं. पण वहिनी ऐकते कसली! ती गेल्यावर मात्र त्याने तो डाग कुणाला पुसू दिला नाही."

नीनाला पुढचं ऐकू आलं नाही. 'पट्टीचं काय करू?' असं फ्रेमवाल्याने आवर्जून विचारलं होतं. 'बिन इट, प्लीज,' म्हणत तिने ती कचऱ्यात टाकायला सांगितली होती.

फोन ठेवून तिने बाबांच्या बोटाच्या रेषेत पाहिलं. बोट राजवाड्यावर नव्हतंच. ते फ्रेमच्या बरंच खाली, कोऱ्या भिंतीवर होतं.

तिने खुर्ची ओढली आणि तिथे बसली. आई टेकायची तसं मागे डोकं टेकलं. तिला भडभडून आलं.

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांचं बोट जरासं हललं. बाजूला हो, असं.

नीना उठली. पलंगावर त्यांच्या शेजारी येऊन बसली, आणि त्यांच्याबरोबर त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली.