अन्थूसाच्या हातातली निळी बांगडी

मी एक जुनी, काळ्यानिळ्या काचेची बांगडी आहे. मित्रांनो, साडेनऊशे वर्षांत मला साधा तडासुद्धा गेलेला नाही. सगळे माझं कौतुक करतात.

कारागिराने तापल्या काचेची सळी ओढली, लोखंडी कांबीवर वळवली, टोकाला टोक चिकटवलं, की झाला माझा जन्म. चर्चमधल्या पाद्रीबाबांनी माझ्यावर पवित्र पाणी शिंपडलं. मग एव्दोकियाने तीन वर्षांच्या लेकीच्या, अन्थूसाच्या हाताला ऑलिव्हचं तेल चोळून मला चढवलं. दृष्ट लागू नये म्हणून. आमच्याकडे बांगडी लहानपणीच घालतात, म्हणजे मोठेपणी गळून पडत नाही. आणि फोडायची तर मुळीच नाही, कारण फटीतून दृष्ट आत शिरते.

अन्थूसा वाढली. मी काच, मी कशी वाढणार?

नवव्या वर्षी तिचा हात सुजला. मग बोटं जांभळी पडली. शेजारच्या इरिनीला वाटलं, कुणाची तरी जबर दृष्ट लागलीय. उपाय म्हणून तिने दुसऱ्या हातासाठीही एक बांगडी आणून दिली. मला सोबत मिळाली, म्हणून मी खूश होते.

गावातून जाणाऱ्या एका वैद्याने हात पाहिला आणि म्हणाला, "बाई, ही आजच्या आज फोडा. नाहीतर पोरगी जाईल."

"अहो, ही आहे म्हणून तर दुखणं हातावरच थांबलंय," एव्दोकिया म्हणाली. "नसती तर अंगभर गेलं असतं."

"आई, फोड ना गं," अन्थूसा म्हणाली.

"गप बस. तुझ्याच भल्याचं आहे."

दुपारी अन्थूसा चर्चच्या पायरीवर हात आपटायला गेली. आईने तिला धरलं, घरी आणलं आणि मला मऊ लोकरीत गुंडाळलं. मला लागू नये म्हणून. इतकं प्रेम माझ्यावर पुन्हा कुणी केलं नाही.

पाचव्या दिवशी अन्थूसाला चर्चच्या भिंतीलगत पुरलं. इरिनी म्हणाली, बांगडी मात्र शेवटपर्यंत शाबूत राहिली हो. बायांना ते पटलं. कारागिराला पुढे महिनाभर दम घ्यायला फुरसत नव्हती.

परवा जुन्या अवशेषांसाठी खोदकाम करणाऱ्या नर्मिनने कुंचल्याने माती झाडली. मी मनगटावरून अलगद निघाले. अडावं असं तिथे काही उरलंच नव्हतं.

"किती जपलीय," ती म्हणाली.

मित्रांनो, वस्तू जरूर जपा. पण वस्तूच्या आत कुणी अडकलं असेल, तर आधी दगड शोधा.