सत्तेचाळीस किलो

“हालू नको रे. काटा ठरू दे,” रामाजी म्हणाले आणि माइक तोंडाशी धरून ओरडले, “इसरू! वजन सत्तेचाळीस किलो!”

राइस मिलच्या काट्यावर, जिथे एरवी धानाची पोती चढतात तिथे, इसरू अनवाणी उभा होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी सगळ्यांत जोरात वाजवल्या. चार दिवसांपूर्वी तो एक्कावन्न होता. ते चार किलो मी उतरवले होते आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. खोटं कशाला सांगू, वाटतच होता.

मी नूर मोहम्मद. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावात माझं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान आहे, सव्वीस वर्षं झाली. दसऱ्यानंतरच्या रविवारी इथल्या पडीत मैदानात मोटरसायकलींची शर्यत होते. आधी प्रत्येक स्वाराचं वजन करून ते माइकवर सांगायचं, ही मिलमालक रामाजींची टूम. गेल्या वर्षी त्या काट्यावर मी चढलो होतो. “नूरभाऊ, शहाण्णव किलो! गाडी एकशेदहा! कोण कोणाले नेते ते पाहा!” सगळं मैदान हसलं. मीही हसलो, काय करणार? पण इंजिन मी स्वतः बांधलेलं होतं, त्यात खोट नव्हती. झेंडा पडला की बाकीच्या गाड्या सुटायच्या आणि माझी बिचारी कण्हत उठायची. सहा वर्षांत एकदाही पहिल्या तिघांत आलो नाही.

सव्वाशे सीसीच्या गाडीत जोर तो किती! वरचा माणूस हलका असला की सुटतानाच दोन गाड्यांचं अंतर पडतं. म्हणून यंदा मी इसरूला धरलं. हा धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावचा, सत्तावीस वर्षांचा, अंगानं काडी. मोहफुलांची पोती मागे बांधून तो पायवाटेनं अशी गाडी काढतो की बघत राहावं. गाडी दुरुस्तीला आला की माझ्याकडे चहा पिऊन जायचा. “तू चालवशील काय?” म्हटल्यावर हरखून गेला. “भाऊ, तुमची गाडी? मले देता?”

गाडीचं वजन मी आधीच उतरवलं होतं. स्टँड काढला, मडगार्ड काढले, अर्धी सीट कापली. मग उतरवायला इसरूच उरला.

बुधवारी त्याला आणायला त्याच्या गावी गेलो, तर नेमकं त्यांचं नवं खाणं होतं. लवकर पिकणारा हलका धान पहिल्यांदा निघाला की तो आधी देवाला आणि पूर्वजांना द्यायचा, मग घरच्यांनी एकत्र बसून खायचा. तोवर नव्या धानाला कोणी तोंड लावत नाही. घरात दोघंच, इसरू आणि त्याची आई बुधरीबाई. बाईंनी पळसाच्या पानावर वाफाळलेला भात वाढला. पाहुणा म्हणून पहिलं पान मला, दुसरं इसरूला.

इसरूनं हात पुढे केला आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. आल्याआल्याच सांगून ठेवलं होतं ना, आजपासून भात बंद, पाणीसुद्धा मोजून.

“माय, पोट ठीक नाई,” तो म्हणाला.

“नव्याले नाई म्हणते काय रे?” बाईंचा चेहरा उतरला. “एक घास घे.”

“शर्यत झाल्यावर घेईल बाई तो. पोरगं तुमचं नाव काढणार आहे,” मी म्हणालो. आणि जेवलो. दोनदा मागून घेतलं. नव्या भाताचा वास काही औरच असतो, तेही मी बाईंना सांगितलं. त्यांनी इसरूचं पान उचलून आत नेलं.

मग चार दिवस तो माझ्या घरी. सकाळी एक पोळी, संध्याकाळी अर्धी, पाणी अर्धा अर्धा ग्लास. दुपारी अंगावर दोन स्वेटर चढवून उन्हात पळवायचो. माझी बायको शमसुन्निसा तिसऱ्या दिवशी भडकली.

“अरे, मी नाई काय महिनाभर रोजे करत?” मी म्हटलं. “काही होत नाई माणसाले.”

“तुम सुबह सहरी में चार रोटी खाते,” ती म्हणाली. “और रोजा अल्ला के लिए रहता, तुम्हारी गाडी के लिए नहीं.”

मी चिडून दुकानात निघून गेलो. बोललं ते खरं असलं की राग जास्त येतो.

रविवारी बुधरीबाई एकट्याच बस बदलत शर्यत बघायला आल्या. दोरीपाशी पदर सावरून उभ्या राहिल्या. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता, मैदानाचं पलीकडचं वळण चिखलानं भरलं होतं.

झेंडा पडला. या अल्ला, काय सुटली गाडी! पहिल्या वळणाच्या आधीच इसरू मोकळा झाला. मी ओरडत होतो, शेजारच्याच्या पाठीवर बुक्के मारत होतो. पाच फेऱ्या तोच पुढे. मागे प्रफुल्ल, बसस्टँडजवळचा हॉटेलवाला, वजन चौऱ्याऐंशी. पण चिखलाच्या वळणावर दर वेळी अंतर कमी होत होतं. प्रफुल्ल मागे सरकून बसायचा आणि त्याच्या भारानं मागचं चाक जमीन धरायचं. इसरूचं चाक नुसतं गरगरत होतं. सव्वीस वर्षं चाकं फिरवणाऱ्या माणसाला एवढी गोष्ट सुचली नव्हती! हलका माणूस तिथे गाडी हातांच्या जोरावर सांभाळतो. आणि हातांत जोर मी ठेवलाच नव्हता.

सहाव्या फेरीत गाडी आडवी गेली. प्रफुल्ल बाजूनं निघून गेला.

मी धावलो, शहाण्णव किलो घेऊन जसं धावता येतं तसं. हाड मोडलं नव्हतं, पण इसरूला उठून बसता येत नव्हतं. ओठ पांढरे पडले होते. सरकारी दवाखान्यातल्या दीपाली सिस्टर त्याची नाडी बघत होत्या. बुधरीबाई धापा टाकत येऊन पोहोचल्या.

“जेवला कधी होता हा?” सिस्टरनी विचारलं.

सांगायला हवं होतं ते मी. तोंड माझं होतं, जीभ माझी होती.

इसरूनं माझ्याकडे पाहिलं, मग सिस्टरकडे. “सकाळीच जेवलो ना, बाई. भाऊंच्या घरी पोटभर.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं मला वाचवलं, आणि तेही आईच्या देखत. बाईंनी पोराच्या पोटावरून हात फिरवला. तिथे पोट कुठे होतं? त्यांना सगळं कळलं.

“चाल घरी,” त्या इसरूला म्हणाल्या. “नवं तसंच आहे.”

“तसंच म्हंजे?” मी विचारलं. “तुम्ही नाई खाल्लं?”

“याच्याबिगर मी कशी खाऊ, भाऊ? घरचा एक राह्यला की बाकीचे खात नाई.”

म्हणजे त्या घरातला नवा भात एकाच माणसानं खाल्ला होता. दोनदा मागून.

दुसऱ्या दिवशी मी दोघांना बसनं गावी नेलं. नको म्हणत होते, तरी गेलो. बाईंनी पुन्हा भात टाकला, देवाला दिला आणि पहिलं पान माझ्यासमोर ठेवलं.

“आज माझा रोजा आहे,” मी म्हणालो.

इसरू हसला. सकाळी गडचिरोलीच्या स्टँडवर मी दोन समोसे खाताना त्यानं पाहिलं होतं. ते पान मी त्याच्याकडे सरकवलं.

“इसरू, तुले उपाशी ठेवलं मी. चुकलं माझं,” मी म्हणालो. बाईंकडे बघायची हिंमत झाली नाही.

“जाऊ द्या, भाऊ,” तो म्हणाला. “बसून जेवतो मी आता.”

मी अंगणात जाऊन बसलो. आत मायलेक जेवत होते. सावकाश, फार न बोलता. एकदा इसरूनं “अजून” म्हटलेलं ऐकू आलं आणि माझे डोळे भरून आले.

निघताना बाईंनी पळसाच्या पानाचं पुडकं हातात दिलं. “रोजा सुटला की खा. घरवालीलेही द्या.” समोशांचं त्यांना ठाऊक नव्हतं. की होतं, कोण जाणे.

बसमध्ये ते पुडकं मी मांडीवर धरून बसलो होतो. गडचिरोलीला दिवस मावळताना मगरिबची अजान झाली, रोजा सोडायची वेळ, तरी पुडकं सोडलं नाही. घरी शमसुन्निसानं ते उघडलं, भात दोन ताटांत वाढला आणि माझ्याकडे पाहून विचारलं, “इसरू ने खाया?”

“खाया,” मी म्हणालो. “पहले उसने खाया.”

मग तिनं माझं ताट माझ्यापुढे सरकवलं.