पायऱ्यांसाठी चार मिनिटं

आर्डिसबाईंचं घोडं अडलं ते समितीच्या दालनाच्या दारातच. अमेरिकेतल्या साउथ डकोटातली बाई; तिकडच्या रीतीप्रमाणे मागून कुणी येतंय म्हटल्यावर दार धरून उभी राहणारच. त्या सकाळी मागून येणारे संपेचनात. ‘या, या, तुम्ही आधी’ करता करता विधेयकाविरुद्ध बोलणाऱ्यांच्या यादीत बाईंचं नाव पार तळाला गेलं.

विधेयक होतं विधानभवनाच्या पायऱ्यांचं. तिथे पाचांहून जास्त माणसं जमायची, तर महिनाभर आधी परवानगी हवी. बाईंचा मुलगा रॉडनी धान्याच्या उंच कोठीत धान्याखाली गाडला गेला, त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून अशा आठ आया दर सोमवारी कोठ्यांच्या सुरक्षेचा कायदा मागत मुलांचे फोटो घेऊन त्या पायऱ्यांवर उभ्या राहायच्या. आमदारांना चुकवता येणार नाही अशी तेवढीच एक जागा होती.

विरोधकांना मिळून वीस मिनिटं. पहिल्याच प्राध्यापकमहाशयांनी त्यातली पंधरा खाल्ली. पुढे पगार घेऊन कुणाकुणाची बाजू मांडणारे पाच लॉबीवाले, मग आर्डिसबाई. बाईंनी लिहून आणलेला कागद मुकाट्याने पर्समध्ये टाकला.

“काय झालं?” शेजारच्या मर्ल होफरने विचारलं. तो त्या पाचांतला पहिला.

“माझा नंबर काही लागत नाही आता. तुम्ही बोला हो सावकाश. तुमचं पोटच आहे त्यावर.”

मर्लने बाईंच्या मांडीवरचा फोटो पाहिला. मग मागे वळून चौघांशी काहीतरी कुजबुजला.

आपण कुणाचे पगारी, हे लॉबीवाल्याला आधी सांगावंच लागतं. तसा कायदाच आहे. मर्लने तेवढंच सांगितलं. “मर्ल होफर. वर्तमानपत्रांचा पगारी. विरोध.” आणि खाली बसला. पाठोपाठ उरलेले चौघेही तसेच. बोलायचेच पैसे घेणारी माणसं, आणि मिनिटभरात पाचही गप्प!

“तुम्ही कुणातर्फे?” अध्यक्षांनी बाईंना विचारलं.

“कुणातर्फे नाही. रॉडनीची आई आहे मी.”

चार मिनिटं त्या बोलल्या. कागद काढायचंही भान राहिलं नाही.

सात विरुद्ध सहा मतांनी विधेयक एकेचाळिसाव्या दिवसावर ढकललं गेलं. बाईंचा चेहरा पडला.

“म्हणजे तेव्हा पुन्हा यायचं? येईन. पहाटेच येऊन बसेन.”

“अहो बाई, अधिवेशन चाळीसच दिवसांचं असतं,” मर्ल हसत म्हणाला. “इथे विधेयक असंच मारतात.”

उलगडा व्हायला क्षणभर लागला. मग बाईंनी पाचही जणांचे हात एकेक करून आपल्या दोन्ही हातांत धरले. सहा वर्षांत परक्या माणसांनी रॉडनीसाठी आपलं काही सोडलं, असं पहिल्यांदाच घडत होतं.

“सोमवारी या,” बाई म्हणाल्या, “आम्ही असू पायऱ्यांवर. आठही जणी.”